परतीची चाल

माझ्या नवऱ्याचा बँड होता असं सांगितलं की समोरचा माणूस हमखास विचारतो, "म्हणजे लग्नातला?" मी म्हणते, नाही हो, डिक्सीलँड. मग त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. तसं लग्नातला म्हटलं तरी ते खोटं नव्हतं. ह्यांचं घराणंच बँडवाल्यांचं. कराडच्या पलीकडे एका गावात सासऱ्यांची पार्टी होती. लाल कोट, पितळी बटणं आणि बाराही महिने कुणाच्या ना कुणाच्या वरातीपुढे चालणं. हे क्लॅरिनेट वाजवायचे, धाकटे भाऊजी ताशा. पुढे दोघंही त्या चालण्याला कंटाळले आणि पाठोपाठ बहरीनला आले. हे मआमीरला एका वर्कशॉपमध्ये लागले, एसीचे डक्ट, म्हणजे गार हवेच्या पत्र्याच्या नळ्या, बनवायच्या कामावर. भाऊजी शाळेची बस चालवायला लागले. ते अरादला राहायचे, आम्ही सनदला. दोघांनी ठरवलं होतं, आता वाजवणं बंद.

पण खोड जाते होय? एक दिवस वर्कशॉपवर एक म्हातारे इंग्रज गृहस्थ आले, हातात हे एवढं पितळी वाद्य. त्याच्या तोंडाला पोचा पडला होता, तो कोणी काढून देईल का म्हणून चौकशी करत होते. ह्यांनी पोचा काढून दिला आणि काढता काढता विचारून बसले, तुमच्यात क्लॅरिनेट कोण वाजवतं? म्हातारबाबा म्हणाले, होता एक, तो आपल्या देशात परत गेला. झालं. पुढच्या शुक्रवारी हे एका हॉटेलच्या बागेत उभे होते आणि माणसं नाश्ता करत ह्यांचं वाजवणं ऐकत होती.

त्या बँडचा वेष म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचं जाकीट आणि गवती हॅट. सनदच्या गल्लीतून हे तसे निघाले की कोपऱ्यावरचा मल्याळी दुकानदार काउंटरवरून वाकून बघायचा. मी म्हणायची, "सर्कशीत निघालात का?" हे म्हणायचे, "हो, येतेस? सिंहाची जागा रिकामी आहे." मी गेले एकदा, सिंह व्हायला नाही, ऐकायला. तेव्हा मला कळलं की डिक्सीलँड म्हणजे अमेरिकेतलं जुनं जॅझ, आणि त्यात तिघं एकाच वेळी बोलतात. ट्रम्पेट गाणं सरळ सांगतं. ट्रॉम्बोन खालून घसरत घसरत हुंकार देतं. आणि क्लॅरिनेट वरून दोघांच्या मध्ये तोंड घालतं. तिघं एकदम बोलतात आणि तरी भांडण होत नाही. आमच्या सासरी असं कधी झालेलं मी बघितलं नाही.

ट्रम्पेट त्या म्हातारबाबांचं, ट्रॉम्बोन आणि बँजोवर आणखी दोघं. ड्रमवाला बहरीनी, मनामात बँकेत नोकरीला, ह्यांच्याहून बराच तरुण. म्हातारबाबा आणि ड्रमवाला, ह्या दोघांशी ह्यांचं विशेष जमायचं. एक संपून दुसरं गाणं लागायच्या आधी हे कधीकधी एकच सूर धरून उभे राहायचे, डोळे मिटून, मान जरा वर करून. मला वाटायचं, शायनिंग मारतायत. संथ गाण्याचा मात्र ह्यांना भारी कंटाळा. संथ लागलं की चेहऱ्यावर असा भाव, की पंगतीत बसलोय आणि वाढपी पलीकडच्या रांगेतच फिरतोय.

एकदा जेवताना ह्यांनी सांगितलं की हे संगीत जिथलं, त्या न्यू ऑर्लिन्स गावात मयताला बँड जातो. जाताना ड्रमवर कापड बांधून, आवाज दबका ठेवून, संथ वाजवायचं. माती दिली की परत फिरायचं, थोडं पुढे आल्यावर ड्रमवरचं कापड सोडायचं आणि मग जोरात, आनंदाचं, नाचत घरी यायचं. गेलेल्याला मोकळं केलं, असं म्हणतात म्हणे. मी म्हटलं, "शी. मयतावरून येताना नाचतात?" हे म्हणाले, "मी गेल्यावर तू नाचशील का?" मी म्हटलं, "आधी जा तरी." हे केवढ्यांदा हसले. ते हसणं अजून माझ्या कानात आहे आणि ते मला बोचतं.

हे गेले जुलैमध्ये. वर्कशॉपमध्ये दुपारचा डबा खाल्ला, पत्र्यांच्या चळतीला टेकून बसले आणि उठलेच नाहीत. सगळी धावपळ भाऊजींनी केली. इथेच करायचं ठरलं, कारण लेकीची शाळा, माझी दातांच्या दवाखान्यातली नोकरी, आणि गावाकडे वाट बघणारं तरी कोण उरलं होतं? आदल्या संध्याकाळी म्हातारबाबा घरी आले. हॅट हातात धरून त्यांनी विचारलं, आम्ही वाजवलं तर चालेल का? मी भाऊजींकडे बघितलं. भाऊजी म्हणाले, "वाजवू द्या वहिनी. आपल्यात बी थोरल्या माणसाला वाजवत नेत्यात." म्हातारबाबांनी परतीचंही सांगितलं असेल, पण इंग्रजीत सांगितलं, आणि त्या दिवशी आम्हा दोघांच्या डोक्यात मराठीसुद्धा शिरत नव्हती.

रस्त्यावर वाजवायला परवानगी नव्हती, स्मशानाच्या फाटकापासून आतल्या शेडपर्यंत होती. ड्रमवाला घाईत कापड आणायचं विसरला. मी ह्यांचा रुमाल दिला, चौकड्यांचा, कामावर घाम पुसायचा. भाऊजींनी तो ड्रमवर घट्ट बांधला, ताशाला बांधावा तसा. मग ते वाजवत निघाले. इतकं हळू की एका पावलाला दुसरं पाऊल येईपर्यंत माझा जीव वर यायचा. आणि मध्ये जागा मोकळी. क्लॅरिनेटची जागा कोणी भरली नाही. ट्रम्पेट बोलायचं, ट्रॉम्बोन हुंकार द्यायचं आणि वर काहीच नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदा तिथे रडले.

अग्नी दिल्यावर सगळे परत फिरले. थोडं पुढे आलो तर म्हातारबाबांनी ट्रम्पेट ओठाला लावलं, ड्रमवाल्यानं रुमालाच्या गाठीला हात घातला, आणि भाऊजींनी हात वर केला. वरातीत बँडमास्तर वाजवणं थांबवायला करतो तसा, पंजा उघडून, डोक्याच्या वर. "बास," ते म्हणाले. "आमच्यात मसणातनं येताना वाजवत न्हाईत. खलास." शब्द कोणाला समजले असतील नसतील, हात समजला. जगातल्या कुठल्याही बँडवाल्याला तो समजत असणार. सगळे जागच्या जागी थांबले. मग आम्ही मुकाट्यानं, मागे वळून न बघता, फाटकाबाहेर आलो. भाऊजींचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. आपली रीत तीच आहे.

दहाव्याला कावळा शिवेना. बहरीनमध्ये कावळ्यांना काय तोटा? समोरच्या भिंतीवर ओळीनं बसले होते, भाताकडे टकामका बघत होते. भाऊजी हात जोडून एकेक कबूल करत गेले. पोरीला शिकवीन, वहिनींना एकटं पडू देणार नाही, गावचं घर दुरुस्त करीन. एक कावळा हलेल तर शपथ. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला, पण भाऊजींचा चेहरा पडला तो पडलाच.

त्यानंतर काही दिवसांनी मी दुपारी दवाखान्यातून घरी आले, चप्पल काढली, एसी लावला आणि हॉलच्या डक्टमधून क्लॅरिनेट ऐकू आलं.

आधी एक संथ ओळ. मग एकच लांब सूर, धरून ठेवलेला. मग श्वास. मग पुन्हा तोच सूर. मी तशीच उभी, पर्स खांद्याला. तोंडातून आपोआप निघालं, "अहो?" सूर थांबला नाही. मी आत जाऊन कपाटावरची पेटी उतरवली. क्लॅरिनेट पेटीतच होतं, सुटे तुकडे जागच्या जागी. मला घाम फुटला. मी देवापुढे बसून रामरक्षा म्हणायला लागले, तर दोन ओळींत विसरले.

लेक पंधरा वर्षांची. तिच्याशी मी मराठीत बोलते, ती मला इंग्रजीत उत्तर देते, असा आमच्या घरचा कारभार. मी म्हटलं, "ऐकतेस ना?" तिनं फोनमधून मान वर न काढता सांगितलं, "मम्मा, इट्स जस्ट एअर." मग ह्यांच्याच वर्कशॉपमधला एक जण आला, जाळी काढली, टॉर्च मारला, डक्ट ठोकून बघितला. म्हणाला, भाभी, हे काम त्यांनी स्वतः केलंय, ह्यात शिट्टी वाजणं शक्य नाही. नोव्हेंबरात मी एसी बंद केला. सूर चालूच राहिला. लेक म्हणाली, "विंड." त्या दिवशी वारा नव्हता.

मेलेल्या माणसाची भीती वाटते, कबूल आहे. पण आपल्याच माणसाची किती दिवस वाटणार? हळूहळू मी दुपारची वाट बघायला लागले. दवाखान्यातून निघताना पाय उचलून चालायची. घरी येऊन दोन कप चहा करायची, एक माझा, एक डक्टच्या खाली टीपॉयवर. मग मी बोलायची. डॉक्टरीणबाई कशी बोलली, भाज्या कशा महागल्या, लेकीचं इंग्रजी कसं वाढलंय आणि वजन कसं घटलंय. वरून तो सूर. जिवंतपणी एवढं निवांत बसून माझं ऐकलं असतं तर! पण खरं सांगते, मी सुखात होते. लोक माझ्याकडे बिचारी म्हणून बघायचे आणि मी मनात म्हणायची, तुम्हाला काय ठाऊक. वेड लागलंय असं कोणी म्हटलं असतं तरी मी ते वेड द्यायला तयार नव्हते.

भाऊजी एकदा दुपारचे आले होते. सूर लागला तसे ते चहा अर्धा टाकून उठले. "काय हो?" मी विचारलं. "काय न्हाई," म्हणाले आणि गेले. त्यानंतर ते घरी येईनात. फोनवर बोलायचे, सामान खाली दुकानात ठेवून जायचे. लेकीला शाळेतून सोडायचे ते बसमधूनच हात करून.

वर्ष व्हायला आलं तेव्हा म्हातारबाबा आणि ड्रमवाला घरी आले. दुपारचीच वेळ. म्हातारबाबांनी सांगितलं की ते बहरीन सोडून कायमचे चाललेत, मुलीकडे. ते गेले की बँड बंद, कारण गाणं सरळ सांगणारा कोणी उरणार नाही. जायच्या आधी त्यांना एक राहिलेलं काम करायचं होतं. परतीची चाल. त्याच शेडपासून त्याच फाटकापर्यंत. "आम्ही त्याला पोचवायला गेलो आणि मोकळं न करताच परत आलो," ते म्हणाले. "आमच्यात असं करत नाहीत." ड्रमवाल्यानं येताना ड्रम आणला होता. त्यावर ह्यांचा रुमाल अजून तसाच बांधलेला. तो म्हणाला की त्या दिवसापासून तो दुसरा ड्रम वाजवतो, ह्या ड्रमची गाठ सोडायला त्याचा हात होत नाही.

मी नाही म्हणाले. सरळ, तोंडावर. कारण सांगितलं की आमच्यात चालत नाही, पण खरं कारण ते नव्हतं. मोकळं केलं म्हणजे हे जाणार, एवढं मला कळत होतं. दुपार रिकामी होणार. मी एकदा ह्यांना घालवलं होतं, दुसऱ्यांदा घालवायची माझी तयारी नव्हती. ही माणसं माझ्या घरात बसून, माझ्या हातचा चहा पिऊन, माझंच माणूस मागत होती. मला त्यांचा राग आला.

तेवढ्यात वर सूर लागला.

म्हातारबाबांनी कप खाली ठेवला. ड्रमवाला सोफ्यावर बसला होता, त्याची बोटं गुडघ्यावर आपोआप हलायला लागली, टक टक टक, आणि मग त्याचं त्याच्याच लक्षात आलं तशी ती थांबली. तो पांढराफटक पडला. "भाभी," तो त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "ये मेरे को बुलाता है."

मी म्हटलं, म्हणजे?

मग त्यानं सांगितलं. गाणं बदलायचं असलं, संथातून जलद जायचं असलं, की हे असाच एक सूर धरून उभे राहायचे. ड्रम सुरू झाल्याशिवाय क्लॅरिनेट पुढे जात नाही. तो सूर म्हणजे, मी इथे उभा आहे, तू ये. आणि ड्रमवाला लगेच यायचा, कधी उशीर नाही. "एक साल से खडा है," तो म्हणाला आणि त्यानं तोंड फिरवलं.

मी ज्याला शायनिंग म्हणायची ते हे होतं. आणि वर्षभर ज्याला माझ्याशी गप्पा समजत होते तेही हेच. ते माझं काही ऐकत नव्हते. ते उभे होते. संथ गाण्यात, ज्याचा त्यांना एवढा कंटाळा, त्याच्या शेवटच्या सुरावर दम धरून उभे होते, आणि मी खाली बसून त्यांना भाज्यांचे भाव सांगत होते. मला एकदम ह्यांची फार दया आली. किती दमले असतील.

मी भाऊजींना फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे बसचं इंजिन चालू होतं, ते त्यांनी बंद केलं. मग म्हणाले, "ऐकलंय मी वहिनी. तवाच कळलं होतं मला. दादा थांबलाय. मी हात वर केला, पर खाली कवा केलाच न्हाई. मास्तरचा हात खाली आल्याबिगर कोण हलतंय?"

"मग करा की आता खाली."

"लोक काय म्हणतील?"

"लोक कराडला आहेत."

"वरातीमागनं घोडं हाय हे, वहिनी."

"असू दे," मी म्हटलं. "आलं तर पाहिजे."

शुक्रवारी सकाळी आम्ही गेलो. लेक आली नाही. तिला विचारलं तर, "आय डोंट वॉन्ट टू," म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी ओढून नेली नाही. स्मशानाच्या शेडजवळ बँडवाले पट्ट्यांची जाकिटं घालून उभे राहिले. भाऊजी मात्र पांढऱ्या सदऱ्यात, दाढी केलेली, वर्षात केवढे खंगलेले. आम्ही शेडकडे पाठ केली आणि थोडं चालत गेलो, त्या दिवशी थांबलो होतो तिथपर्यंत. ती जागा कोणाला विचारावी लागली नाही.

भाऊजींनी ड्रमवरच्या रुमालाला हात घातला. गाठ वर्षाची, सुटेना. त्यांनी दातांनी ओढली. रुमाल सुटला तो त्यांनी माझ्या हातात दिला. तेलाचा आणि ह्यांचा, दोन्ही वास त्यात तसेच होते. मग भाऊजी बँडच्या पुढे जाऊन उभे राहिले, हात वर केला, पंजा उघडा, आणि तसाच धरून राहिले. मला वाटलं, भाऊजींच्यानं हे होत नाही. मी म्हटलं, "भाऊजी, द्या सोडून." आणि त्यांनी हात खाली आणला.

ड्रम असा कडाडला की फाटकावरचा राखणदार खुर्चीतून उठला. ट्रम्पेट सुरू झालं, ट्रॉम्बोन मागोमाग, बँजोची खणखण. भाऊजी चालता चालता खांदे उडवायला लागले, वरातीपुढे उडवायचे तसे, आणि डोळ्यांतून धारा. मी नाचले नाही. मला जमलं नाही ते. मी रुमाल धरून चालत होते आणि वर जिथे क्लॅरिनेट असायचं तिथे कान लावून होते. काही आलं नाही. फाटकाबाहेर पडेपर्यंत काही आलं नाही. म्हातारबाबा मात्र शेवटी ट्रम्पेट खाली घेऊन हसले, त्यातला पोचा निघाल्यावर माणूस हसेल तसे.

घरी आले. दुपार झाली. सवयीनं दोन कप चहा टाकला गेला, टीपॉयवर एक ठेवला. एसी लावला. गार हवा आली, नुसती. मी "अहो" म्हटलं. हवा येत राहिली. मला वाटलं होतं की मला बरं वाटेल, एक चांगलं काम केलं म्हणून. नाही वाटलं.

आतल्या खोलीचं दार उघडलं. लेक बाहेर आली, पायात मोजे, केस विस्कटलेले. हॉलच्या मध्ये उभी राहून तिनं डक्टकडे बघितलं. मग माझ्याकडे वळली. आणि वर्षभर जी नुसती हवा, नुसता वारा म्हणून सांगत होती, ती माझी पोर मराठीत म्हणाली,

"आई, बाबा गेले?"